ग्रामनाम व मद्य : प्युलिन्यी आणि उरण

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी फ्रान्स देशांतून उरणास आला. नोकरीनिमित्त तो तिकडे बरींच वर्षें राहिलेला. गुरुजींसाठीं काय न्यावें हें न सुचल्यामुळें असो, किंवा गुरुजींच्या संवयी विसरल्यामुळें असो, त्यानें एक बाटली आमच्यापुढें ठेविली. तींत पांढरें द्राक्षमद्य होतें. आमच्या घरांत तें पिणारा कोणी नाहीं. परंतु शाळेंत संस्कृत शिकवून उरलेला वेळ ज्यानें जुने कागद लावण्यांत घालविला, त्याच्या हातीं अक्षरें असलेली वस्तु आली म्हणजे ती वाचल्यावांचून त्यास राहवत नाहीं. म्हणून आम्हीं ती बाटली उघडली नाहीं, वाचली.

तिच्या चिठ्ठीवर सर्वांत ठळक अक्षरांत मद्य करणाराचें नांव नव्हतें, द्राक्षाच्या जातीचेंही नव्हतें. तेथें एका खेड्याचें नांव होतें : प्युलिन्यी-मोंराशे. त्याखालीं, हें नांव शासनानें नियत केलेलें आहे अशा अर्थाचे शब्द; मग करणाराचें नांव; मग द्राक्षें खुडल्याचें वर्ष; मग बाटली कोठें भरली त्याची नोंद; आणि एका कोपऱ्यांत हिरव्या चौकटींत बारीक ताऱ्यांनीं रेखलेलें पान, म्हणजे हीं द्राक्षें सेंद्रिय पद्धतीनें पिकविल्याची युरोपीय खूण. ताम्रपट वाचणारांस या क्रमाची ओळख तत्काळ पटेल. ग्राम कोणता, शासन कोणाचें, भोक्ता कोण, वर्ष कोणतें आणि अटी कोणत्या, हें ज्यांत सांगितलेलें असतें त्यास आपण दानपत्र म्हणतों.

चिठ्ठी वाचीत असतां मनांत एक प्रश्न उभा राहिला. आमचें उरण हेंही एके काळीं मद्याचेंच गांव होतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबई, ठाणें व कुलाबा या भागांस मोहाची दारू पुरविणाऱ्या भट्ट्यांचें उरण हें मुख्य ठाणें होय. असें असतां, पांचशें वस्तीही नसलेल्या त्या फ्रेंच खेड्याचें नांव जगभर टिकलें आणि उरणचें नांव या संबंधांत कां बुडालें? द्राक्ष थोर व मोह हलका, असें याचें सोपें उत्तर कोणीही देईल. तें आम्हांस मान्य नाहीं. पदार्थाच्या अंगच्या गुणापेक्षां तें नांव कशास बांधलें होतें, यावर नांवाचें आयुष्य अवलंबून असतें, असें आमचें मत झालें आहे. तें साधार मांडण्याचा हा अल्प प्रयत्न.

प्रथम प्युलिन्यीचें वृत्त पाहूं. हें खेडें फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांत, बोन शहराच्या दक्षिणेस आहे. पश्चिमेस चुनखडीची उतरती टेकडी, उतारावर द्राक्षाचे मळे, आणि पायथ्याशीं गांव. येथें जमिनीखालचें पाणी इतकें वर आहे कीं खोल तळघरें खणतां येत नाहींत. खाडीकांठीं राहणारांस हें सांगावयास नको. टेकडीच्या ज्या भागामुळें गांवास कीर्ति आली त्याचें नांव मोंराशे, म्हणजे खल्वाट डोंगर. झाड न धरणारा खडक, एवढाच त्याचा अर्थ. हा मळा अवघा आठ हेक्टरांच्या आसपास, म्हणजे वीस एकरांचा, आणि तोही प्युलिन्यी व शासान्य या दोन गांवांच्या शिवेंत विभागलेला. इ. स. १२५२ मध्यें मेझिएर येथील सिस्टर्सियन मठास या टेकडीवरील वेली दान मिळाल्याची नोंद आहे. पुढें १८७९ मध्यें या दोनही गांवांनीं त्या मळ्याचें नांव आपल्या नांवास जोडून घेतलें. गांवावरून मळ्यास नांव पडणें नेहमींचें; येथें मळ्यानेंच गांवास नांव दिलें.

परंतु कीर्ति झाली कीं तिची चोरीही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्समधील वेली उध्वस्त केल्या, मद्याचा तुटवडा पडला आणि भलत्या ठिकाणचें मद्य नामांकित गांवांच्या नांवानें विकलें जाऊं लागलें. तेव्हां १९०५ मध्यें मालांतील फसवणुकीविरुद्ध कायदा झाला. १९१९ च्या कायद्यानें नांवाच्या सीमा ठरविण्याचें काम न्यायालयांकडे दिलें. आणि ३० जुलै १९३५ च्या हुकमान्वयें नियंत्रित ग्रामनामांची पद्धति सुरू झाली. मोंराशेचें स्वतंत्र शासन १९३७ चें. या शासनांत केवळ सीमा नाहींत. द्राक्ष कोणतें लावावें (तेथें तें शार्दोने जातीचें), एका हेक्टरांतून जास्तींत जास्त किती मद्य काढावें, त्यांत मद्यार्क किमान किती असावा, हें सर्व नियत आहे. शिवेबाहेरच्या शेतांतलें द्राक्ष कितीही गोड असो, त्याच्या मद्यास प्युलिन्यी म्हणतां येत नाहीं.

आतां त्या हिरव्या पानाविषयीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडील मळ्यांतही तणनाशकें व रासायनिक खतें यांचा वापर बळावला. ज्या मातीच्या नांवावर मद्य विकावयाचें तीच माती निर्जीव होऊं लागली, तर नांवांत उरलें काय, ही शंका कांहीं मळेवाल्यांस आली. प्युलिन्यीतील लफ्लेव्ह या घराण्याच्या आन्-क्लोद लफ्लेव्ह यांनीं १९९० पासून प्रयोग करून १९९७ पर्यंत आपला सर्व मळा बायोडायनॅमिक शेतीखालीं आणिला. ही पद्धति रूडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ मधील व्याख्यानांवरून निघालेली असून, तिच्यांतील कांहीं भाग पंचांगाच्या जवळ जाणारा आहे. सेंद्रिय शेतीचे नियम त्याहून साधे आहेत. कृत्रिम खतें व तणनाशकें वर्ज्य; बुरशीवर गंधक आणि मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण चालतें, पण तांब्याचें प्रमाण युरोपीय नियमाप्रमाणें हेक्टरीं सात वर्षांत २८ किलोंच्या आंत राहिलें पाहिजे. नाशिकच्या द्राक्षबागाइतदारांसही हें मिश्रण चांगलें परिचयाचें आहे. "सेंद्रिय मद्य" असे शब्द चिठ्ठीवर लिहिण्याची मुभा युरोपीय नियमांनीं २०१२ च्या हंगामापासून दिली. तत्पूर्वीं "सेंद्रिय द्राक्षांपासून केलेलें" एवढेंच लिहितां येई. गंधकीय द्रव्याची मर्यादाही कमी केली : कोरड्या पांढऱ्या मद्यांत लिटरमागें २०० ऐवजीं १५० मिलिग्रॅम. तात्पर्य, येथें नांव मातीशीं बांधलेलें असल्यामुळें नांव राखूं इच्छिणारास माती राखणें भाग पडलें.

मद्यास स्थळाचें नांव देण्याची ही रीत आपल्या वाङ्मयास अपरिचित नाहीं. पाणिनीनें चवथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत कापिशी या नगरीच्या नांवावरून "कापिशायन" हा शब्द साधण्यासाठीं एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलें आहे, आणि काशिकाकारांनीं तेथें जीं उदाहरणें दिलीं आहेत तीं मधु आणि द्राक्षा हींच. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार सांगितले. त्यांपैकीं पहिल्या पांचांची व्याख्या तो बहुतांशीं घटकद्रव्यांनीं व प्रमाणांनीं करितो. मधु म्हणजे द्राक्षरस, एवढें सांगून झाल्यावर मात्र तो म्हणतो कीं त्याचें विवरण त्याच्या देशानेंच होतें, आणि कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें देतो. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानांतील हल्लींचें बेग्राम. तेथील १९३७ ते १९३९ मधील फ्रेंच उत्खननांत सांपडलेलीं कांचेचीं व हस्तिदंती वस्तुभांडारें प्रसिद्ध आहेत. १९३५ च्या फ्रेंच हुकमाचें बीज अर्थशास्त्राच्या त्या एका वाक्यांत आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु द्राक्षमद्य हें देशानें ओळखावयाचें, ही दृष्टि दोहींकडे एकच आहे.

पश्चिम किनाऱ्यासही हा प्रकार ठाऊक होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक नाविक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्याची नोंद असून, तें इटलीचें असल्यास अधिक पसंत, त्याखेरीज लाओडिकियाचें व अरबस्तानचें, असा स्थलभेद केला आहे. उरणच्या मोरा बंदरासमोर दिसणाऱ्या घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडील अँफोरा जातीच्या दुकानी रांजणांचीं खापरें सांपडलीं आहेत. म्हणजे परदेशच्या मद्याचें भांडें आमच्या खाडीच्या तोंडापर्यंत आलें होतें.

याउलट मोहाचा विचार करावा. मधूक हा शब्द जुना, वृक्ष परिचित, आणि त्याच्या फुलांचें मद्यही परिचित. मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन भेद सांगितले. त्यांतील माध्वी ही मोहाच्या फुलांची, असा अर्थ करणारे टीकाकार आहेत. अमरकोशांत मध्वासव, माधवक, मधु, माध्वीक हे शब्द एकत्र येतात आणि मध, द्राक्ष कीं मोह, हा घोळ तेथूनच सुरू होतो. परंतु या सर्व नांवांत देश कोठेंच नाहीं. गौडी गुळाची, पैष्टी पिठाची. नांवें द्रव्यावरून पडलेलीं. मोह रानांत आपोआप वाढतो, त्याचीं फुलें चैत्रांत जमिनीवर गळतात, तीं जो वेंचील त्याचीं. ज्यास शीव नाहीं त्यास ग्रामनाम कोठून यावें? मोहाच्या मद्यास गांवाचें नांव मिळालें तें बऱ्याच काळानें, आणि तें आमच्या उरणचें.

त्यासाठीं उरणकडे वळूं. उरणची भूमि ही दानाच्या व उत्पन्नाच्या लेखांस परकी नव्हे. उरणजवळील चांजे येथें उत्तर कोंकणच्या शिलाहारांचे शिलालेख मिळाले आहेत. एक शके १०६० चा अपरादित्याचा. दुसरा शके ११८२, म्हणजे इ. स. १२६० चा सोमेश्वराचा. या दुसऱ्या लेखांत येथील एका बागेचें ठरीव उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवास दिल्याचें नमूद आहे. मोंराशेच्या वेली मठास दिल्या १२५२ मध्यें, चांजेची बाग देवास दिली १२६० मध्यें. मध्यें अवघीं आठ वर्षें. दोनही ठिकाणीं धर्मसंस्थेस जमिनीचें फळ मिळालें. भेद पुढें झाला. तिकडे मठानें वेली राखल्या, मळ्याचें नांव चालत राहिलें. इकडे शिलाहार गेले, यादव गेले, कारंजा बेट पोर्तुगिजांकडे, मग मराठ्यांकडे गेलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें कायमचें इंग्रजांकडे राहिलें. दगड उरला, ती बाग कोणती हें आज सांगतां येत नाहीं.

इंग्रजी अमलांत उरणास महत्त्व आलें तें मिठागरें आणि भट्ट्या या दोहोंमुळें. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी. मुंबई सरकारच्या १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत या धंद्याची नोंद आहे. पुढल्याच वर्षीं पनवेल तालुक्याबरोबर उरण ठाणें जिल्ह्यांतून कुलाब्यांत आलें. मोहाचीं वाळलेलीं फुलें गुजराथेंतील पंचमहालाकडून व मध्य प्रांतांतून येत. तीं पाण्यांत भिजत घालावयाचीं. कांहीं दिवसांनीं आंबून फसफसलीं म्हणजे तांब्याच्या भांड्यांत घालून खालीं जाळ करावयाचा आणि वाफ थंड करून अर्क धरावयाचा. द्राक्षमद्य नुसतें आंबविलेलें असतें, हें गाळींव असतें. हा भेद वाचकांनीं ध्यानीं ठेवावा. एकदां गाळलेली दारू सौम्य, दोनदां गाळलेली ती बेवडा. पुढें हा शब्द पेयावरून पिणारावर गेला आणि आज मराठींत तो केवळ शिवी होऊन राहिला आहे. पेयाच्या अधोगतीचा इतका संक्षिप्त इतिहास दुसरा सांपडणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. भट्ट्या उरणासच कां एकवटल्या? फूल उरणचें नव्हे. कारण समुद्र आणि कर हें होय. बेटावरून माल बाहेर पडावयाचा तो बंदरांतूनच. तेथें पहारा सोपा आणि मुंबईची गिऱ्हाइकी समोर. १८७८ च्या पांचव्या अबकारी कायद्यानें मुंबई इलाख्याची व्यवस्था बांधून दिली. दारू एका ठिकाणीं गाळावी, आणि ती बाहेर पडतांना तिच्या तेजीप्रमाणें कर घ्यावा, असें धोरण ठरलें. विक्रीची तेजी मुख्यतः दोन प्रकारची असे, प्रमाणाच्या २५ अंश खालची व ६० अंश खालची. आजच्या हिशोबानें शेंकडा सुमारें ४३ व २३ मद्यार्काची. सरकारी कागदांत उरणच्या दारूचें वर्णन येतें तें या अंशांनीं व गॅलनांनीं. चव, फुलाची जात, गाळणाराचा हात, यांस तेथें रकाना नाहीं.

त्यावर कळस झाला तो १८९२ च्या तिसऱ्या कायद्यानें. हा खास मोहाच्या फुलांचा कायदा. यानें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगणें, विकणें व नेणें यांवर बंधनें घातलीं. सरकारचें म्हणणें असें कीं या भागांत फुलांचा उपयोग चोरटी दारू गाळण्यापलीकडे फारसा नाहीं. विरोधकांचें म्हणणें असें कीं रानांतील गरिबांचें तें अन्न आहे. ठाकूर, कातकरी यांच्या पाड्यांवर मोहाचीं फुलें भाजून, शिजवून खातात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस दुसरी बाजू पटावी. असो. आमच्या विषयापुरतें एवढेंच दिसतें कीं ज्या राज्यानें उरणास मोहाच्या मद्याचें ठाणें केलें, त्यानेंच भोंवतालच्या रानांतील मनुष्याचा व मोहाचा संबंध तोडला. फ्रान्समधील कायद्यानें नांव, माती व शेतकरी यांस एकत्र बांधलें. येथील कायद्यानें नांव नाक्यास बांधलें. उरण हें मद्याचें उगमस्थान नव्हतें, जकातीचें दार होतें; आणि दार दुसरीकडे उघडलें कीं पहिल्याचें नांव कोणी घेत नाहीं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हां, "हें आमच्या गांवाचें आहे" असें म्हणावयास मळा नव्हता, शीव नव्हती, वेंचणारा नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं बरेंच झालें. दारूचें नांव गांवास नको. मद्याचे दुष्परिणाम आम्हांस ठाऊक नाहींत असें नाहीं. या गांवांत शिक्षकी करतांना फी थकलेल्या मुलांच्या घरीं तें कारण अनेकदां दिसलें. परंतु एखादा धंदा वाईट म्हणून त्याचे कागद वाईट होत नाहींत. शिवाय आजचें चित्रही पालटलें आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्यान्वयें गोव्याच्या फेणीची नोंद २००९ मध्यें झाली, आणि नाशिक खोऱ्यांतील द्राक्षमद्यासही तसेंच मानांकन मिळालें. पाणिनीचा तद्धित प्रत्यय आतां कायद्याच्या रूपानें पुन्हां अवतरला आहे. अशा मानांकनासाठीं इतिहासाचा पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावरचें दप्तर.

या दप्तरांची स्थिति काय आहे, हें अनुभवानें सांगतों. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्यें सुरू झाल्यापासून उरण तालुक्यांतील जमिनीस भाव चढत गेला. २०२४ च्या जानेवारींत सागरी सेतु व उरणची रेल्वे दोनही सुरू झाल्यावर तर जुनीं घरें भराभर पडूं लागलीं. कांहीं वर्षांमागें एका पडक्या वखारींत जाड पुठ्ठ्यांच्या वह्या आहेत असें कळलें. आम्ही दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेलों, तों रद्दीवाल्याची गाडी आदल्या संध्याकाळीं येऊन गेलेली. उंबऱ्यापाशीं एक फाटका पुठ्ठा तेवढा होता. त्यावर गुजराथी अक्षरांत संवत् आणि खालीं गॅलनांचे आंकडे. घरच्या मंडळींस विचारलें तेव्हां त्यांनीं संकोचानें सांगितलें कीं, "गुरुजी, दारूचे हिशोब ते, कोणास दाखवायचे?" त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. सनदा व इनामपत्रें आपण पेटींत ठेवावयास शिकविलें. भट्टीच्या वह्या ठेवावयास कोणी शिकविलें नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, उरण, पनवेल व मुंबई येथील जुन्या घरांतून कांहीं प्रकारचे कागद दिसल्यास ते हलके समजूं नयेत : पारशी पेढ्यांच्या गुजराथी खातेवह्या, मोऱ्याहून सुटणाऱ्या होड्यांचे दारूचे परवाने, फुलांच्या गोण्यांच्या आवकेच्या चिठ्ठ्या, मामलेदार कचेरींतील मोडी नोंदी, भट्टीवरील नोकरांचे पगारपट, आणि १८९२ नंतर फुलें बाळगल्याबद्दल झालेल्या दंडाचे कागद. या शेवटल्या कागदांत कातकऱ्यांचीं व ठाकुरांचीं नांवें येण्याचा संभव आहे, आणि ज्यांचीं नांवें दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत येत नाहींत त्यांचा इतिहास तेवढ्याच आधारावर लिहितां येईल. गांवाचें नांव मद्यावर राहावें कीं न राहावें, हा प्रश्न इतरांनीं सोडवावा. त्या नांवाखालीं कोण राबलें, हें कळावें एवढीच आमची इच्छा.

ती बाटली अद्याप आमच्या कपाटांत, चांजेच्या लेखाच्या ठशाशेजारीं उभी आहे. एकीवर गांवाचें नांव आहे आणि गांव तें सांभाळीत आहे. दुसऱ्यांत गांवाचें नांव आहे आणि बाग सांपडत नाहीं. या दोहोंच्या मधली जागा भरणारा कागद कोणापाशीं असल्यास त्यानें तो प्रसिद्ध करावा. प्रस्तुत टिपणांत प्रमाद आढळल्यास विद्वानांनीं ते निःसंकोच दाखवावे. इत्यलम्.